खोडवा कोणाचा?

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात बेळगावात टिळकवाडीच्या लेले मैदानावर आमच्या मंडळाच्या संघाने एक स्थानिक फुटबॉल स्पर्धा जिंकली. मुलांनी नव्या कोचना खांद्यावर घेतले, तांबड्या चिखलावर गुलाल पडला, आणि ज्यांनी त्या मुलांना सहा वर्षे खेळ शिकवला ते आमचे हवालदार मामा, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, छत्री धरून कॉर्नरच्या झेंड्यामागे उभे होते. दहा महिन्यांपूर्वीच मंडळाने त्यांना कोचपदावरून दूर केले होते, आणि त्या ठरावावर माझीही सही होती.

विजयी गोल डाव्या पायाने झाला होता, आणि तो मारणारा मुलगा मुळात उजव्या पायाने खेळणारा. मामांनी दोन पावसाळे त्याला कंपाउंडच्या भिंतीसमोर उभे करून, उजव्या पायातला बूट काढायला लावून, रोज केवळ डाव्या पायाने पास मारायला लावले होते. अनवाणी उजवा पाय दुखेल या भीतीने तो चेंडू आपोआप डाव्याकडे घ्यायला शिकला. पण ज्या कॉर्नरवरून तो गोल झाला, त्या कॉर्नरला कोणी कुठे उभे राहायचे आणि कोणी कोणाला आडवे जायचे, ही आखणी नव्या कोचची होती. त्या संध्याकाळी चहाच्या गाड्यावर दोन तट पडले. एकाचे म्हणणे, करंडक मामांचाच. दुसऱ्याचे म्हणणे, मामा असते तर आपण पहिल्याच फेरीत घरी आलो असतो.

हाच वाद इंग्लंडच्या फुटबॉलवरून दर हंगामात होतो आणि आमच्याकडे रात्री जागून ते सामने पाहणारी मुलेही तो तितक्याच हिरिरीने घालतात. एखाद्या क्लबचा मॅनेजर काढला जातो, नवा येतो, संघ वर चढतो, आणि मग प्रश्न उभा राहतो की या चढणीत गेलेल्या माणसाचा वाटा काही आहे की नाही. तिकडचा मॅनेजर म्हणजे केवळ सराव घेणारा कोच नव्हे. संघ निवडणे, खेळाची आखणी करणे, सरावाची शिस्त लावणे आणि कोणते खेळाडू विकत घ्यावेत यावर मत देणे, हे सारे कमीअधिक प्रमाणात त्याच्याकडे असते. यातल्या काही कामांचे फळ पुढच्या शनिवारी दिसते आणि काहींचे दोन-तीन वर्षांनी. वादाचे मूळ या अंतरात आहे.

निपाणीकडे वेदगंगेच्या काठी आमची थोडी ऊसशेती आहे, आणि हा प्रश्न मला तिथल्या भाषेतच नीट उलगडतो. उसाची लावण एकदा होते. पहिला ऊस कारखान्याला गेला की जमिनीत राहिलेल्या बुडख्यांना पुन्हा फुटवे येतात आणि त्या पिकाला आपण खोडवा म्हणतो. समजा, एकाने जमीन खंडाने घेतली, खोल नांगरट केली, शेणखत घातले, चांगले बेणे आणून लावण केली, पण त्या वर्षी पाणी कमी पडल्याने ऊस अपेक्षेइतका भरला नाही आणि मालकाने खंड मोडून जमीन दुसऱ्याला दिली. दुसऱ्याने बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट न जाळता सरीत पसरले, सरीच्या बगला फोडून माती मोकळी केली, रिकाम्या जागी रोपे लावून नांग्या भरल्या, खत-पाणी वेळेवर दिले, आणि खोडवा भरघोस आला. नांगरट आणि बेणे यांचा खर्च दुसऱ्याला करावाच लागला नाही, हे खरे. पण त्याने लक्ष दिले नसते तर शेतभर तुटाळ पडली असती, हेही तितकेच खरे. शिवाय त्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल, तर पिकाचा काही भाग दोघांपैकी कोणाचाच नाही. काढून टाकलेल्या मॅनेजरच्या श्रेयाचा विचार करताना लावण, मशागत आणि पाऊस या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, आणि बहुतेक वाद या तिन्ही एकत्र मिसळल्यामुळेच मिटत नाहीत.

लावणीचे सर्वांत ठळक उदाहरण लेस्टर सिटीचे आहे. २०१४-१५ च्या हंगामात नायजेल पिअर्सन यांचा हा संघ १४० दिवस प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीच्या, तळाशी होता आणि २९ सामन्यांनंतर त्याच्या खात्यात केवळ १९ गुण होते. त्यानंतरच्या नऊ सामन्यांपैकी सात त्यांनी जिंकले, एक बरोबरीत सोडवला, आणि ४१ गुणांसह चौदाव्या स्थानावर राहून पहिल्या श्रेणीतील आपली जागा वाचवली. इतके होऊनही ३० जून २०१५ रोजी पिअर्सन यांना काढण्यात आले; क्लबने कारण दिले ते दृष्टिकोनातील मूलभूत मतभेदांचे. जुलैमध्ये क्लॉडिओ रानिएरी आले, आणि ज्या संघाच्या विजेतेपदावर सट्टेबाज एकाला पाच हजार असा भाव देत होते, तो संघ मे २०१६ मध्ये ८१ गुणांसह इंग्लंडचा विजेता झाला.

आता त्या विजेत्या संघातील नेहमीचे अकरा खेळाडू डोळ्यांसमोर आणावेत. कर्णधार वेस मॉर्गन, मधल्या फळीतला डॅनी ड्रिंकवॉटर आणि आघाडीचा जेमी वार्डी हे तिघेही २०१२ मध्ये पिअर्सन यांच्या काळात आले होते, त्यांपैकी वार्डी तर फ्लीटवूड या छोट्या क्लबकडून. रियाद मारेझ जानेवारी २०१४ मध्ये फ्रान्सच्या ल हाव्र क्लबकडून अगदी थोडक्या किमतीत आला. सिम्पसन, ऑलब्रायटन आणि हुथ हेही पिअर्सन यांच्याच कारकिर्दीत संघात आले, आणि फुक्स व ओकाझाकी यांचे करार पिअर्सन यांना काढण्याच्या आधी, त्याच जून महिन्यात झाले होते. गोलरक्षक कास्पर श्मायकेल तर त्याही आधीच्या मॅनेजरच्या, स्वेन-गोरान एरिक्सन यांच्या काळातला. रानिएरी आल्यानंतर त्या अकरांत भर पडली ती एकाच खेळाडूची, एन्गोलो कांतेची. अकरांपैकी दहा फुटवे जुन्या लावणीचे होते, आणि हे ठाऊक असूनही जो पिअर्सन यांना श्रेय नाकारतो, तो माझ्या मते त्यांच्यावर अन्याय करतो.

तरीही सारे श्रेय पिअर्सन यांना देऊन टाकणे चुकीचे ठरेल, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की हे बेणे निवडण्यात मोठा हात होता तो स्टीव्ह वॉल्श यांचा, जे क्लबचे सहायक मॅनेजर होते आणि खेळाडू शोधण्याचे काम पाहत होते. वार्डी, मारेझ आणि कांते या तिघांच्या मागे त्यांचीच नजर होती. वॉल्श पिअर्सन यांच्याबरोबर गेले नाहीत, ते रानिएरींच्या काळातही क्लबमध्येच राहिले. मॅनेजरच्या नावावर जमा होणारे बरेचसे काम अशा पडद्यामागच्या माणसांचे असते. दुसरे कारण रानिएरींच्या मशागतीचे. आल्याबरोबर सारे उलटेपालटे करण्याचा मोह त्यांनी टाळला, हाताखालची माणसे ठेवली, मात्र पिअर्सन यांच्या शेवटच्या महिन्यांतील तीन बचावपटूंची मांडणी सोडून ते चौघांच्या मांडणीवर आले, आणि ऑक्टोबरमध्ये दोन्ही बगलांचे बचावपटू बदलून सिम्पसन व फुक्स यांना खेळवू लागले. तोवर त्या हंगामात संघावर दर सामन्यात गोल होत होता. गोल न होऊ देता सामना संपवलात तर पिझ्झा खाऊ घालीन, असे त्यांनी मुलांना सांगितले होते, आणि क्रिस्टल पॅलेसविरुद्ध तसा सामना झाल्यावर त्यांनी तो खरोखर खाऊ घातला. चांगल्या खोडव्याला विनाकारण नांगर न लावणे हीसुद्धा समज लागते, आणि ती प्रत्येक नव्या माणसाकडे नसते.

आर्सेनलची गोष्ट याच जातीची आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. आर्सेन वेंगर यांनी १९९८ मध्ये लीग आणि एफए कप असे दोन्ही जिंकले, तेव्हा सीमन, डिक्सन, विंटरबर्न, बोल्ड आणि किओन ही बचावाची भिंत जॉर्ज ग्रॅहम यांच्या काळात क्लबमध्ये आणलेली होती, आणि डेनिस बर्गकँप ब्रूस रिऑक यांच्या काळात आलेला होता. ग्रॅहम १९९५ मध्ये आणि रिऑक १९९६ मध्ये काढले गेले. वेंगर यांनी खेळाडूंचा आहार आणि व्यायाम बदलून त्या तिशी ओलांडलेल्या बचावपटूंची कारकीर्द वाढवली, हे त्यांचे स्वतंत्र कर्तृत्व.

लावण आणि मशागत यांवर माणसे निदान भांडतात. पावसाकडे, म्हणजे दोघांच्याही हाती नसलेल्या भागाकडे, फारसे कोणी पाहत नाही. मॅनेजरला काढले जाते ते कधी? संघ सर्वांत खाली गेलेला असतो तेव्हा. ताप सर्वांत चढला की आपण औषधाला धावतो, आणि दुसऱ्या दिवशी तो उतरला की औषधाचे गुण गातो. पण बराचसा ताप कळस गाठल्यावर आपोआपच उतरणारा असतो. फुटबॉलमध्ये हे आकड्यांनीही दाखवता येते. एक संघ असा घ्या की ज्याची कोणताही सामना जिंकण्याची शक्यता शंभरात चाळीस आहे, म्हणजे न जिंकण्याची साठ. सलग पाच सामने न जिंकण्याची शक्यता काढण्यासाठी साठ टक्क्यांचा पाच वेळा गुणाकार करावा लागतो, आणि उत्तर येते शंभरात सुमारे आठ. हे थोडे वाटेल, परंतु ३८ सामन्यांच्या हंगामात सलग पाच सामन्यांचे ३४ टप्पे असतात, आणि त्यांतल्या एखाद्या तरी टप्प्यात असा दुष्काळ पडण्याची शक्यता न पडण्यापेक्षा कितीतरी अधिक असते. म्हणजे खेळात काहीही न बिघडता, केवळ चेंडू खांबाला लागून बाहेर गेल्यामुळे किंवा दोघे जायबंदी झाल्यामुळे, मध्यम दर्जाच्या संघावर अशी पाळी बहुधा दरवर्षी येते. त्या पाचव्या सामन्यानंतर मॅनेजरला काढले आणि संघ आपल्या नेहमीच्या पातळीवर परत आला, तर तिथे परतण्यात नव्याचे श्रेय नाही आणि जुन्याचेही नाही. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात; फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात आईवडिलांची आणि मुलांची उंची मोजताना ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली होती.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी तिथल्या सर्वोच्च लीगमधील १९८६ ते २००४ या काळातले मॅनेजर-बदल तपासले. मॅनेजर काढल्यावर संघाची कामगिरी सावरताना दिसते, इथवर सर्वांना ठाऊकच होते. त्यांनी पुढे जाऊन असे संघ शोधले, ज्यांची घसरण तितकीच झाली होती पण ज्यांनी मॅनेजर काढला नव्हता, आणि ते संघही तसेच सावरलेले दिसले. शेजारच्या वावरात काही न करताही पीक तितकेच आले असेल, तर आपल्या वावरातल्या नव्या खताची थोरवी किती गायची, याचा अंदाज येतो. लेस्टरनेच पुढे याचा नमुना दाखवला. विजेतेपदानंतर नऊच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, रानिएरींनाही काढण्यात आले. त्यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर यांनी लीगमधले पहिले पाचही सामने जिंकले, सर्वांनी वाहवा केली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये शेक्सपिअर यांचीही गच्छंती झाली.

मग सुधारणा केवळ पावसाची नव्हती, हे ओळखायचे कसे? तिची उंची आणि तिचा टिकाऊपणा पाहावा लागतो. संघ नेहमीच्या पातळीवर येऊन थांबला तर पाऊस. त्या पातळीच्या वर गेला, किंवा खेळण्याची रीतच बदललेली दिसली, तर कोणाचे तरी हात तिथे लागलेले आहेत. चेल्सीचा २०२०-२१ चा हंगाम या दृष्टीने फार उपयोगी आहे, कारण तो जवळजवळ बरोबर मध्यावर कापला गेला. फ्रँक लँपार्ड यांना २५ जानेवारी २०२१ रोजी काढले तेव्हा चेल्सीचे १९ सामन्यांत २९ गुण होते आणि संघ नववा होता. थॉमस टुचेल यांच्या हाताखालच्या उरलेल्या १९ सामन्यांत त्याच खेळाडूंनी ३८ गुण मिळवले, संघ चौथा आला, आणि २९ मे रोजी पोर्तो इथे मँचेस्टर सिटीला १-० असे हरवून चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपचा, विजेता झाला. टुचेल यांनी पहिल्याच सामन्यापासून मागे तीन बचावपटूंची मांडणी आणली, आणि लँपार्ड यांनी त्या हंगामात बराच काळ बाहेर बसवलेल्या अँटोनियो रुडिगरला तिचा आधारस्तंभ केले. त्या स्पर्धेच्या बाद फेरीतील सात सामन्यांत चेल्सीवर केवळ दोन गोल झाले. इतका फरक निव्वळ नशिबाचा म्हणता येत नाही. ही मशागत होती आणि ती टुचेल यांची होती.

आणि तरीही त्या अंतिम सामन्यात सुरुवातीला उतरलेल्या अकरांपैकी मेंडी, थियागो सिल्वा, चिलवेल, व्हेर्नर आणि गोल मारणारा हावर्ट्झ हे पाचजण लँपार्ड यांच्या काळात क्लबमध्ये आलेले होते. मेसन माउंट आणि रीस जेम्स हे आणखी दोघे चेल्सीच्याच अकादमीतले, ज्यांना क्लबच्या मुख्य संघात पहिल्यांदा लँपार्ड यांनी उतरवले. लँपार्ड २०१९ मध्ये आले तेव्हा क्लबवर खेळाडू विकत घेण्याची बंदी होती, त्यामुळे तरुणांना खेळवणे काही अंशी भागच होते, हे लँपार्ड यांच्या टीकाकारांचे म्हणणे मला मान्य आहे. पण संधी देणे आणि चुका झाल्यावरही ती देत राहणे यांत अंतर आहे, आणि दुसरी गोष्ट बंदीमुळे होत नाही. हावर्ट्झला तो निर्णायक पास दिला होता माउंटने.

लँपार्ड यांना किती टक्के आणि टुचेल यांना किती, असे मला कोणी विचारले तर मी उत्तर देत नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे. टाळी वाजली की डाव्या हाताचा वाटा किती टक्के, हे कोणी मोजत नाही; एक हात काढून घेतला तर आवाजच होत नाही. विचारायचे ते असे: हा माणूस आलाच नसता, तर आज जे दिसते त्यातले नेमके काय दिसले नसते? पिअर्सन नसते तर बहुधा तो संघच उभा राहिला नसता. टुचेल नसते तर तो संघ होता, पण जानेवारीत नववा होता.

इथे एक गफलत मात्र सर्रास होते, आणि तीच दूर व्हावी म्हणून हा लेख लिहायला घेतला. काढलेल्या माणसाला श्रेय दिले, की काढणारे चुकले असा अर्थ लावला जातो. आणि काढण्याचा निर्णय बरोबर होता असे म्हटले, की गेलेल्याने काहीच केले नाही असे समजले जाते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. श्रेयाचा प्रश्न मागे पाहतो, या माणसाने काय पेरले ते विचारतो. काढण्याचा प्रश्न पुढे पाहतो, इथून पुढे हा माणूस दुसऱ्यापेक्षा अधिक देईल का ते विचारतो. चांगली लावण करणारा प्रत्येकजण चांगला खोडवा राखतोच असे नाही, आणि ज्याला ते जमत नाही त्याची लावण त्यामुळे वाईट ठरत नाही. चेल्सीने लँपार्ड यांना काढले ते निकालांनी योग्य ठरवले. त्या विजेतेपदात लँपार्ड यांचा हात होता, हेही योग्यच.

मामांच्या बाबतीत मी याच निष्कर्षावर आलो आहे. त्यांना दूर करण्याचा ठराव मी आज पुन्हा वाचला तरी सही करीन, कारण पोरे मोठी झाली होती, समोरचे संघ गोव्याहून आणि कोल्हापूरहून नव्या तऱ्हेचा खेळ घेऊन येत होते, आणि मामा मुलांना पळवण्यापलीकडे जायला तयार नव्हते. परंतु त्या ठरावात त्यांच्या सहा वर्षांच्या कामाचा एकही शब्द नव्हता, आणि करंडक आल्यावर छापलेल्या फलकावरही नव्हता. ही चूक आमची होती, तिचे ओझे मला वाटते. फलक छापण्याआधी मी मामांच्या घरी गेलो होतो, तेव्हा त्यांनीच मला सांगितले, "त्या कॉर्नरची जुळणी मला सुचली नसती, ते त्या सरांचं. पोराचा डावा पाय तेवढा माझा." मी ते ऐकले आणि तरी फलकावर लिहिले नाही.

श्रेयाला दुसरी बाजूही आहे, आणि ती न सांगता थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मागच्याची लावण पुढच्याला मिळते तसे मागच्याचे कर्जही मिळते: वय झालेले खेळाडू लांब कराराने बांधून ठेवलेले, तरुणांना संधीच न दिल्याने मधली फळी रिकामी, सरावाची घडी मोडलेली. जाणाऱ्याने अशी जमीन मागे ठेवली असेल, तर नंतर संघ घसरला तरी त्यातला काही दोष त्याच्याच नावावर राहतो, मग तो कितीही करंडक जिंकून गेलेला असो.

मंडळाच्या दप्तरात आता एक वेगळी वही आहे. कोणता मुलगा कोणत्या वर्षी आला, त्याला कोणी काय शिकवले, तो पहिल्यांदा कोणाच्या हाताखाली खेळला, हे तिच्यात तारखेसह लिहिले जाते, आणि कोच बदलला तरी वही तीच चालू राहते. तिच्या पहिल्या पानावरच्या अकरापैकी नऊ नावांपुढे मामांचे नाव आहे. डाव्या पायाच्या त्या मुलापुढे मामांचे आणि नव्या कोचचे, दोघांचेही.